कझानमधली पाच वर्षं

दक्षिण उरल पर्वताच्या पूर्वेला, गवताळ मैदानांच्या काठावर त्रोइत्स्क नावाचं गाव आहे. १८७५ साली वॉर्सा विद्यापीठाची पदवी घेतलेला मिकोवाय क्रुशेव्स्की तिथे शाळामास्तर म्हणून रुजू झाला. जन्म १८५१ सालचा, लुत्स्कचा. जात्या पोलिश, प्रजा रशियन झारची. पदवीसाठी त्याने प्रबंध लिहिला होता तो रशियन खेड्यांतल्या मंत्रतंत्रांवर. पण डोक्यात भाषाविज्ञान शिरलं होतं आणि ते ज्याच्याकडे शिकायचं तो माणूस व्होल्गेकाठी कझानला होता. जवळ दमडी नव्हती. म्हणून गडी तीन वर्षं शाळेत राबला, पैसे गाठीला बांधले आणि १८७८मध्ये कझान गाठलं.

तो ज्याच्यासाठी आला त्या प्राध्यापकाचं नाव यान बोदुअँ द कुर्तने. नाव फ्रेंच, माणूस पोलिश. पूर्वज केव्हाच फ्रान्स सोडून पोलंडमध्ये येऊन राहिलेले. याचा जन्म १८४५चा, वॉर्साजवळच्या राजिमिनचा. १८६३मध्ये पोलंडने रशियाविरुद्ध उठाव केला, तो चिरडला गेला आणि पुढे वॉर्साची पोलिश उच्चशिक्षण संस्था बंद करून तिचं रशियन विद्यापीठ करण्यात आलं. पोलिश विद्वानाला पोलंडमध्ये जागा उरली नाही. बोदुअँने प्राग, येना, बर्लिन, लाइपझिग अशी विद्यापीठं पालथी घातली. येनात श्लायखरकडे तौलनिक व्याकरण केलं, बर्लिनला आल्ब्रेख्त वेबरकडे वैदिक संस्कृत केलं. १८७०ला लाइपझिगची डॉक्टरेट मिळवली. एवढं करून नोकरी मिळाली ती कझानला, १८७५मध्ये, तिशीच्या उंबरठ्यावर.

कझानला येण्याआधीचं त्याचं एक काम सांगायला हवं, कारण पुढच्या विचारांचं मूळ तिथे आहे. इटलीच्या ईशान्य कोपऱ्यात रेझिया नावाचं डोंगरांनी कोंडलेलं खोरं आहे. चार मोठी गावं, बोली स्लोव्हेनियन घराण्यातली, पण शेकडो वर्षं एका बाजूला पडल्यामुळे पार निराळी झालेली. १८७३मध्ये बोदुअँ तिथे गेला. ओसोयाने या गावात एक स्वर कसा, सोल्बित्सा या गावात तोच कसा, हे तो माणसांच्या तोंडून ऐकून टिपत बसला. त्या काळचे भाषापंडित मेलेल्या भाषांची हस्तलिखितं उलगडण्यात गढले होते. जिवंत माणूस बोलतो त्याला शास्त्रात मान नव्हता. बोदुअँचं म्हणणं उलट होतं. जे समोर ऐकू येतं, तपासता येतं, तिथून सुरुवात करा. मग मागे जा. रेझियाच्या ध्वनींवरचा प्रबंध घेऊन तो १८७५मध्ये पीटर्सबर्गचा डॉक्टर झाला.

आणि कझान म्हणजे आडगाव. रशियन राज्यातलं जुनं विद्यापीठ खरं, पण मॉस्कोहून रेल्वेसुद्धा तिथे अजून पोचली नव्हती. गावात तातारांची मोठी वस्ती. रशियन मास्तर, तातार व्यापारी, आसपास चुवाश आणि मारी खेडी. याच विद्यापीठात अर्धशतकापूर्वी लोबाचेव्हस्कीने युक्लिडला बाजूला सारणारी भूमिती मांडली होती आणि ती त्याच्या हयातीत फारशी कुणी मनावर घेतली नव्हती. कझानच्या वाट्याला हे असंच यायचं, असं म्हणावंसं वाटतं.

बोदुअँच्या घरी बैठक भरे. विद्यार्थी थोडे, पण सगळे एका नादाने झपाटलेले. वासिली बोगोरोदित्स्की होता, त्याने पुढे कझानलाच ध्वनींच्या मोजमापाची प्रयोगशाळा थाटली. सेर्गेई बुलिच होता. अलेक्सान्द्रोव्ह नावाचा एक होता, तो पुढे संन्यास घेऊन बिशप झाला. तुर्की भाषांचा मोठा जाणकार राडलोव्ह तेव्हा कझान भागातल्या तातार शाळांचा निरीक्षक होता. तोही येऊन बसे. स्लाव्ह भाषांबद्दल बोलणं चाललेलं असताना तातार भाषेतल्या स्वरांचे दाखले देणारा माणूस शेजारी असणं ही चैन लाइपझिगच्या पंडितांना नव्हती. या मंडळीत क्रुशेव्स्की येऊन बसला आणि बैठकीचा नूर पालटला. गुरूकडे निरीक्षणांची रास होती; शिष्याला त्या राशीत नियम दिसत होते.

त्यांना छळणारा प्रश्न काय होता? शब्द रूप बदलतो तेव्हा त्यातला ध्वनीही बदलतो. का बदलतो, आणि बोलणाऱ्याच्या मनात त्या बदलाचं स्थान काय?

जर्मनमधला घराचा शब्द घ्या. एक घर ‘हाउस’, अनेक घरं ‘हॉयझर’. इथे दोन गोष्टी बदलल्या. शेवटचा ‘स’ घोष झाला, आणि मधला ‘आउ’ ‘ऑय’ झाला. कानाला दोन्ही बदल सारखेच वाटतात. क्रुशेव्स्कीने दाखवलं की यांची जातकुळीच वेगळी आहे. शब्दाच्या शेवटी घोष स्पर्श किंवा घर्षक व्यंजन उच्चारायचंच नाही ही जर्मन जिभेची सवय आहे. शेवट सरकला, स्वर पुढे आला की घोष ध्वनी परत येतो. यात अपवाद नाही, अर्थाचा संबंध नाही, बोलणाऱ्याला पत्ताही नसतो. स्वराचं तसं नाही. ‘हुंट’ म्हणजे कुत्रा, त्याचं अनेकवचन ‘हुंडे’. तिथे स्वर जागचा हलत नाही. म्हणजे ‘आउ’चा ‘ऑय’ जिभेच्या गरजेने होत नाही. अनेकवचन दाखवायच्या कामावर तो बदल नेमलेला आहे. या दोन्हींच्या मध्ये एक तिसरी जात: ‘फ्रोस्ट’ म्हणजे हिमाचा कडाका, ‘फ्रीरेन’ म्हणजे गोठणं. एकात ‘स’, दुसऱ्यात ‘र’. कधीकाळी याला ध्वनीचं कारण होतं. ते कारण मेलं, फक्त खूण राहिली.

मराठी वाचकाला यासाठी जर्मनपर्यंत जायची गरज नाही. ‘माझा’ म्हणताना जीभ दातांमागे टेकते, ‘माझी’ म्हणताना ती मागे सरकून टाळूला जाते. हे ‘ई’मुळे होतं, लिपीला त्याची खबर नाही आणि आपल्यालाही नाही. आता ‘पैसा’ घ्या: पैशाला, पैशात. ससा, सशाला. घसा, घशात. ‘स’चा ‘श’ झाला. मग ‘रस’चं ‘रशाला’ का होत नाही? ‘रसाला’ म्हणताना कुणाची जीभ अडखळत नाही. आणि ‘पैसे’ म्हणताना ‘स’ जसाच्या तसा राहतो. म्हणजे हा ‘श’ तोंडाच्या सोयीचा नाही. पूर्वी इथे ‘य’ होता, ‘पैस्याला’ म्हणत. त्या ‘य’ने ‘स’ला ‘श’ केलं आणि स्वतः नाहीसा झाला. आज तो ‘श’ एवढंच सांगतो की आकारान्त पुल्लिंगी नामाचं सामान्यरूप चाललं आहे. ध्वनिविचारातून सुटलेला बदल रूपविचाराच्या नोकरीला लागला. सुटणे–सोडणे, तुटणे–तोडणे, फुटणे–फोडणे या जोड्याही तशाच जुन्या काळाचा माल. ‘लुटणे’पासून ‘लोडणे’ कुणी करत नाही.

या शेवटच्या जोड्यांतला उ–ओ आपल्याला शाळेच्या संस्कृतमधून ओळखीचा आहे. त्याला आपण गुण म्हणतो. आणि क्रुशेव्स्कीने १८८१मध्ये कझानला जो प्रबंध सादर केला त्याचं नावच होतं ‘गुणाच्या प्रश्नाविषयी’. रशियन मुखपृष्ठावर पाणिनीची संज्ञा. अष्टाध्यायीची सुरुवातच वृद्धी आणि गुण यांच्या व्याख्यांनी होते, तेव्हा ज्याला शब्दाच्या आतल्या स्वरबदलावर बोलायचं आहे त्याने तिथून निघावं हे रीतीला धरूनच होतं. क्रुशेव्स्कीने १८७९मध्ये ऋग्वेदातल्या आठ सूक्तांचं काम छापलं होतं, म्हणजे ही संज्ञा उसनवारीची नव्हती.

गुणाबद्दल युरोपात तोवर समज असा की मूळ स्वर ‘इ’ किंवा ‘उ’. त्याला ‘अ’चं बळ मिळालं की ‘ए’, ‘ओ’. धातू दुबळा, गुण म्हणजे त्याला खुराक. भारतीय वैयाकरणांनी वर्णनाच्या सोयीसाठी धरलेला क्रम युरोपीयांनी इतिहासाचा क्रम म्हणून घेतला. १८७०नंतरच्या दशकात हे उलटं निघालं. ‘ए’, ‘ओ’वालं रूप आधीचं आणि आखूड रूप हे त्याचं झिजलेलं रूप, असं दिसू लागलं. जिनीव्हाच्या एका एकवीस वर्षांच्या पोराने १८७८च्या अखेरीस त्यावर एक पुस्तक काढलं. त्याचं नाव फेर्दिनां द सोस्यूर. लाइपझिगच्या बड्या मंडळींना ते पुस्तक पचायला वेळ लागला. कझानमध्ये क्रुशेव्स्कीने १८८०मध्येच त्याचं मर्म ओळखून त्यावर लिहिलं. स्लाव्ह भाषांत त्याला तोच खेळ दिसत होता: रशियनमध्ये ‘ब्रात्य’ म्हणजे घेणं, ‘बेरू’ म्हणजे घेतो, ‘स्बोर’ म्हणजे गोळा करणं. शेजारी आपलं भृ, भर, भार ठेवा. रक्ताचं नातं आहे.

सोस्यूरच्या पुस्तकात ‘फोनीम’ असा शब्द होता. फ्रेंचमध्ये तो काही वर्षांपूर्वीच रुळू लागला होता आणि नुसत्या उच्चारित ध्वनीसाठी वापरला जाई. क्रुशेव्स्कीने त्याला नवं काम दिलं: कानाला ऐकू येणारा ध्वनी निराळा, आणि अनेक रूपांत बदलत जाऊनही भाषेच्या दृष्टीने एकच राहणारं ध्वन्यात्मक एकक निराळं. पहिल्याला ध्वनी म्हणा, दुसऱ्याला फोनीम. मराठीत आपण आज त्याला स्वनिम म्हणतो. त्याच सुमारास बोदुअँने शब्दाच्या अर्थवाही तुकड्यासाठी ‘मॉर्फीम’ ही संज्ञा घडवली. प्रत्यय, धातू, उपसर्ग या सगळ्यांना पोटात घेणारी. आपलं ‘रूपिम’ ते हेच. जगातल्या कुठल्याही भाषाविज्ञानाच्या वर्गात पहिल्या महिन्यात शिकवल्या जाणाऱ्या या दोन संज्ञा, आणि दोन्हींना आजचा अर्थ मिळाला व्होल्गेकाठच्या एका घरातल्या बैठकीत.

शब्दाचे तुकडे कायमचे ठरलेले नसतात, हाही बोदुअँचा जुना मुद्दा. रशियनमध्ये ‘रुका’ म्हणजे हात. हातांनी म्हणजे ‘रुकामी’. मुळात ‘रुका’ला ‘मी’ लागला होता. पण बोलणाऱ्यांनी फोड केली ‘रुक’ अधिक ‘आमी’. अंगाचा शेवटचा स्वर प्रत्ययाने गिळला. मग तो गलेलठ्ठ प्रत्यय ज्यांच्यात ‘आ’ नव्हताच अशा शब्दांनाही लागला: ‘स्तोल’ म्हणजे टेबल, त्याचं ‘स्तोलामी’. व्याकरणाच्या पुस्तकात शब्दाची फोड एक असते, बोलणाऱ्याच्या मनात दुसरी, आणि जिंकते ती दुसरी.

प्रबंधाचा सैद्धांतिक भाग जर्मनीत वाचला जावा म्हणून क्रुशेव्स्कीने तो जर्मनमध्ये केला. जर्मन नियतकालिकाने तो परत पाठवला; यात भाषाविज्ञानापेक्षा पद्धतीचीच चर्चा जास्त आहे, असं कारण देऊन. कारण मोठं बोलकं आहे. शेवटी १८८१मध्ये तो चाळीसेक पानांची पुस्तिका म्हणून कझानलाच छापला गेला. त्याच हिवाळ्यात बोदुअँ पॅरिसला गेला, तिथल्या भाषाविज्ञान मंडळाचा सदस्य झाला. मंडळाच्या बैठकांना सोस्यूर असे. ओळख झाली, कझानचं साहित्य त्याच्या हाती गेलं.

१८८३मध्ये क्रुशेव्स्कीने दुसरा प्रबंध दिला, ‘भाषाविज्ञानाची रूपरेषा’. वॉर्सात त्याने मिलप्रभृती इंग्रज विचारवंतांचं मानसशास्त्र वाचलं होतं. कल्पना दोन तऱ्हांनी एकमेकींना बोलावतात, साम्याने आणि सान्निध्याने, हा त्यातला सिद्धांत. त्याने तो शब्दांना लावला. ‘कर्जदार’ हा शब्द मनात एकटा राहत नाही. एकीकडे तो दुकानदार, जमीनदार, फौजदार यांच्या रांगेत उभा असतो, दुसरीकडे कर्ज, कर्जाऊ, कर्जबाजारी यांच्या. ही साम्याची नाती. आणि वाक्यात तो ज्या शब्दांना चिकटून येतो, ती सान्निध्याची. या दोन ओढींमुळेच माणसाला हजारो शब्द लक्षात राहतात आणि नवे घडवता येतात. सोस्यूरच्या व्याख्यानांचं पुस्तक १९१६मध्ये निघालं, त्यात शब्दांच्या नात्यांचे असेच दोन अक्ष सांगितले आहेत. जग त्यांना सोस्यूरचे अक्ष म्हणतं. सोस्यूर स्वतः अधिक प्रामाणिक होता. भाषेच्या तात्त्विक विचाराच्या सर्वांत जवळ कोण पोचलं, तर बोदुअँ आणि क्रुशेव्स्की, अशी नोंद त्याच्या कागदांत आहे. फक्त ते कागद त्याने छापले नाहीत.

१८८३मध्येच बोदुअँ दोर्पातला, आजच्या एस्टोनियातल्या तार्तूला, बदलून गेला. क्रुशेव्स्की कझानला प्राध्यापक झाला. वर्ष-दीड वर्षातच त्याला मज्जासंस्थेच्या आजाराने गाठलं. काम सुटलं, नोकरी सुटली. १८८७च्या नोव्हेंबरात तो गेला. वय पस्तीस. भाषाविज्ञानात त्याला काम करायला मिळालेली निर्वेध वर्षं कझानमधली ती पाच.

यानंतर जे झालं त्याबद्दल बोदुअँच्या चाहत्यांना फारसं बोलायला आवडत नाही. १८८८मध्ये त्याने शिष्यावर मोठा मृत्युलेख लिहिला. शिष्याच्या आयुष्याची बारीकसारीक माहिती त्यात आहे, आणि शिष्याचं श्रेय कापत नेणारी टीकाही. नव्या म्हणून मिरवलेल्या कल्पना कझानच्या वर्गात आधीच होत्या, क्रुशेव्स्कीने त्यांना नेटकं रूप दिलं इतकंच, असा एकंदर सूर. यात तथ्य नव्हतं असं नाही. बीज गुरूचंच होतं. १८७६–७७ आणि १८७७–७८ या वर्षांचे त्याने छापलेले तपशीलवार अभ्यासक्रम पाहिले तर ध्वनीचं शरीर आणि ध्वनीचं मनातलं मोल हा भेद तिथे दिसतो. पण विखुरलेल्या टिपणांना सिद्धांत करणं हे ‘इतकंच’ म्हणण्यासारखं काम नाही. मेलेला माणूस उत्तर देऊ शकत नसताना हा हिशेब मांडायला नको होता.

बोदुअँ पुढे बेचाळीस वर्षं जगला. १८९३पर्यंत दोर्पात, मग ऑस्ट्रियाच्या ताब्यातलं क्राकोव्ह. तिथे त्याने ध्वनिबदलांचा सिद्धांत पूर्णपणे मांडला. पोलिशमध्ये १८९४ला, जर्मनमध्ये १८९५ला. शिष्याच्या पुस्तिकेतल्या वर्गवारीचा हा मोठा वाडा. आता त्याने फोनीमला ध्वनीची मनातली प्रतिमा म्हटलं. स्वतःच्या मुलांचं बोलणं तो वह्यांमागून वह्या भरून टिपत होता. ऑस्ट्रियन सरकारला त्याची राजकीय मतं झेपली नाहीत, करार पुढे वाढला नाही, म्हणून १९००मध्ये पीटर्सबर्ग. तिथे दालच्या प्रसिद्ध रशियन कोशाची तिसरी आवृत्ती त्याने १९०३ ते १९०९मध्ये संपादित केली आणि हजारो नव्या शब्दांबरोबर शिव्याही बिनदिक्कत घातल्या. भाषेत आहेत, तर कोशात असणारच! १९१३मध्ये रशियातल्या अल्पसंख्य जमातींच्या स्वायत्ततेवर पुस्तिका लिहिली, त्याबद्दल दोन वर्षांची शिक्षा झाली. महायुद्ध सुरू झाल्यावर काही महिन्यांत सुटका झाली.

१९१८मध्ये पोलंड स्वतंत्र झाला आणि हा म्हातारा अखेर वॉर्साच्या विद्यापीठात परतला. ९ डिसेंबर १९२२. पोलंडच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षाची निवडणूक संसदेत. युक्रेनियन, ज्यू, जर्मन, बेलारूशियन या अल्पसंख्यकांच्या गटाने सत्त्याहत्तर वर्षांच्या या ध्वनिशास्त्रज्ञाला उमेदवार केलं. पहिल्या फेरीत त्याला १०३ मतं पडली, तो तिसरा आला. त्याच्या मागे ६२ मतं घेऊन चौथा होता गाब्रिएल नारुतोविच. दुसऱ्या फेरीतच बोदुअँच्या पाठीराख्यांची मतं नारुतोविचकडे वळली, तिसऱ्या फेरीत बोदुअँ बाद झाला, पाचव्या फेरीत नारुतोविच निवडून आला. परकीयांच्या मतांवर आलेला राष्ट्राध्यक्ष म्हणून उजव्यांनी रान उठवलं आणि १६ डिसेंबरला एका चित्रप्रदर्शनात त्याला गोळ्या घातल्या गेल्या. कुठलीच भाषा निर्भेळ नसते, असा निबंध बोदुअँने विसाव्या शतकाच्या आरंभी लिहिला होता. नव्या पोलंडला ते ऐकायचं नव्हतं. बोदुअँ १९२९च्या ३ नोव्हेंबरला वारला.

पीटर्सबर्गचे त्याचे शिष्य श्चेर्बा आणि पोलिवानोव्ह यांनी स्वनिमाचा विचार पुढे नेला. पोलिवानोव्हला १९३८मध्ये स्तालिनच्या राजवटीने गोळी घातली. प्रागमध्ये त्रुबेत्स्कोय आणि याकोबसन यांनी त्यावर आधुनिक ध्वनिविचाराची इमारत बांधली. ध्वनी आणि रूप यांच्या सीमेवरच्या प्रदेशाला त्रुबेत्स्कोयने नवं नाव दिलं, पण तो प्रदेश म्हणजे क्रुशेव्स्कीच्या ‘हाउस–हॉयझर’चाच. तिथून ही विद्या अमेरिकेत गेली आणि तिथून आपल्याकडे आली: अशोक केळकरांनी कॉर्नेलमध्ये मराठीच्या ध्वनिविचारावर आणि रूपविचारावर प्रबंध लिहिला तो १९५८ सालचा, आणि पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी हे शास्त्र शिकवलं. पैसा–पैशाला हा प्रश्न मराठीच्या अभ्यासकाने आज कुठल्याही परिभाषेत मांडला तरी त्या परिभाषेची मुळं तपासताना कझान लागतंच.

क्रुशेव्स्कीचं निवडक लेखन पोलिशमध्ये १९६७ साली निघालं, म्हणजे मृत्यूनंतर ऐंशी वर्षांनी. इंग्रजीत त्याचे सैद्धांतिक ग्रंथ एकत्र यायला १९९५ उजाडलं. मराठीत ‘गुण’ हा शब्द रोज शिकवला जातो, पण त्याच नावाच्या प्रबंधाचा सैद्धांतिक भाग अजून मराठीत आलेला दिसत नाही. चाळीसेक पानं आहेत. संस्कृत आणि भाषाविज्ञान दोन्ही जाणणाऱ्या कुणीतरी ती मनावर घ्यावीत.